सात वाजताचा धडा

परभणीच्या अभ्यासिकेत मी दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून काढली. बोलायचं नाही, पुटपुटायचंही नाही. शेजारच्या मुलीचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. सरकारी नोकरीच्या परीक्षेत दोनदा निवड हुकली होती आणि मामांनी बजावलं होतं, आता शेवटची परीक्षा, मग लग्न.

चूक माझीच. महत्त्वाची ओळ पिवळी करायचा मला भारी नाद. शेवटी अख्खं पानच पिवळं! पाच-पाच वेळा वाचायचे आणि पान ओळखीचं वाटलं की स्वतःवर खूश. परीक्षेत मात्र उत्तर डाव्या पानावर खाली आहे, एवढंच आठवायचं. डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

शाळेत असताना असं नव्हतं. गावी, पालमला, ओसरीवर माय तुरीच्या शेंगा सोलायची आणि मी पुस्तक मिटून तिला धडा सांगायचे. ती जेमतेम दुसरी शिकलेली. "असं कसं?" म्हणायची, आणि मी अडले की मुकाट पुस्तक उघडायचे.

एका संध्याकाळी तिचा रोजचा फोन आला. "जेवलीस का?" एरवी मी हो म्हणून ठेवून द्यायचे. त्या दिवशी फार एकटं वाटत होतं. फोन चालू ठेवूनच बसस्टँडवर जाऊन बसले. समोर पालमची गाडी लागली होती.

"माय, आज वाचलेलं सांगते, ऐक."

"मला काय कळायलंय त्यातलं?"

"नाही कळलं तर विचार."

तिनं इतकं विचारलं की माझी भंबेरी उडाली. मग रोज सात वाजता हेच. पुस्तक अभ्यासिकेत ठेवायचं आणि स्टँडवर जाऊन आठवेल तसं सांगायचं. आठवडाभरात तीच मला टोकायला लागली. "राष्ट्रपतीला काढायचं कसं, ते मंगळवारी येगळं सांगितलं व्हतंस."

"तुझ्या बरं लक्षात राहतं गं!"

"तुझे बाबा गेल्यापासून घरात बोलायला कोण हाय? दिवसभर तुझंच घोळवत बसते."

दोन वर्षं मी तिला "हो, जेवले" एवढंच सांगत आले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा यादीत नाव आलं. धावत स्टँड गाठलं आणि तिला फोन केला. ती रडली, हसली, देवापुढं साखर ठेवते म्हणाली. मग तिनं विचारलं, "मंग उद्यापासून मला काय सांगशील?"