वस्ताद आणि माझं घट्ट तेल

वस्ताद गाडीशी बोलायचे आधी आणि मालकाशी नंतर. सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी शिरली की ते बॉनेट उघडायचे, तेल मोजायची पट्टी बाहेर काढायचे आणि तिच्या टोकाचा एक थेंब जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर टाकायचे. मग विडी पेटवून तो डाग पसरताना बघत बसायचे. विडी संपेपर्यंत मालकाने बोलायचं नाही, असा तिथला रिवाज होता. हा रिवाज मला कधीच जमला नाही.

मला बोलायची खोड लहानपणापासून. घरी आमची अव्वा, म्हणजे आई, कानडीत "साकु, साकु" म्हणून हात जोडायची, म्हणजे बाबा रे, पुरे कर. पण चाटी गल्लीत चादरींचं दुकान चालवणाऱ्या माणसाला बोलण्याशिवाय भांडवल ते काय? चादर विकता विकता मी गिऱ्हाइकाला हवापाणी, राजकारण आणि आंब्याचं लोणचं यांवर सल्ले द्यायचो. हे सल्ले फुकट असत, हाच त्यांचा एकमेव गुण.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका जुन्या संस्थानिकांच्या घरातली परदेशी गाडी घेतली. सहा सिलिंडर, आत लाकडी फळी, कातडी गाद्या. गावात फियाट असलेला माणूसही तेव्हा मान ताठ करून चालायचा, मग माझं काय झालं असेल ते सांगायला नको. वडील एवढंच म्हणाले, "दुकानातनं घरला चालत यायला सात मिनिटं लागतात." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गाडी वस्तादांकडे नेली तेव्हा ते तिच्याभोवती दोनदा फिरले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "या बाई. लई लांबनं आलात." डाग बघून झाल्यावर माझ्याकडे वळले. "अण्णा, हिला पातळ ऑइल लागतंय. तीस नंबर."

इथे माझा सल्ला जागा झाला. सोलापूरचा उन्हाळा, मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे पातळ तेलाचं पाणी नाही का व्हायचं? ट्रकवाले पन्नास नंबरचं घट्ट तेल घालतात ते काय वेडे आहेत? एवढ्या दांडग्या इंजिनाला खुराकही दांडगाच हवा. मी हे सगळं दहा मिनिटं सांगितलं. वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ट्रक आपला गडी हाय, कडक भाकरी खातोय," ते म्हणाले. "ही बाई नाजूक बांध्याची. आतल्या फटी केसाएवढ्या. घट्ट तेल वर चढायच्या आत हिचा जीव कासावीस हुतोय."

मी ऐकतोय कसला! घट्ट तेलाचा डबा आणला आणि समोर उभं राहून घालून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर इंजिनाच्या वरच्या बाजूने टकटक, टकटक. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "शिवणयंत्र घेतलंत वाटतं?"

वस्तादांनी पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं. "तेल वर पोचत न्हाय, अण्णा. असंच चालवलं तर बाई वर्षभरात बसंल." पुन्हा म्हणाले, "पातळ घालतो."

गॅरेजमध्ये चारपाच गिऱ्हाइकं होती. मला चेव आला. मी हसत हसत म्हणालो, "पातळ घालायचं आणि माझा घट्ट डबा बाजारात खपवायचा, असा बेत दिसतोय वस्ताद!" सगळे हसले. वस्ताद हसले नाहीत. हातातलं फडकं त्यांनी दोनदा पिळलं, जणू त्यात पाणी होतं. मग म्हणाले, "ठेवा तुमचा डबा हितं. घालतो."

मी दुसरा डबा ठेवला, आणि गंमत म्हणून त्यावर रंगाने सही केली. गंमत कसली, संशयच तो. त्यानंतर दर वेळी मी सही केलेला डबा ठेवून दुकानात जायचो आणि संध्याकाळी गाडी न्यायला यायचो.

टकटक थांबली. गाडी अशी चालू लागली की सुरू आहे की बंद ते कळायचं नाही. मी वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "बघा, इंजिनाला सवय लागली घट्ट तेलाची. धीर धरावा लागतो." वस्ताद म्हणाले, "व्हय की."

पुढली पाच वर्षं मी सोलापूरचा तेलतज्ज्ञ म्हणून मिरवलो. सात रस्त्यावर चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर चुलत्याच्या दहाव्याला गेलो असतानाही घट्ट तेलाचे फायदे सांगितले. माझं ऐकून एका सुताच्या व्यापाऱ्याने आपल्या नव्या गाडीत तेच तेल घातलं आणि तिला टकटक लागली. तो तणतणत आला तेव्हा मी त्याला सांगितलं की घट्ट तेल पचवायला इंजिन खानदानी लागतं. कधी वस्ताद मला माझ्या गाडीचा डाग दाखवायचे. तो पत्रिकेवर लांबवर पसरलेला असायचा. मी त्यांनाच समजावून सांगायचो की बघा, याला म्हणतात ताकद. वस्ताद विडीचा झुरका घेत म्हणायचे, "कागद खोटं बोलत न्हाय, अण्णा."

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डाग दिसेनासे झाले तसं त्यांनी गॅरेज बंद करायचं ठरवलं. गुलबर्ग्याला मुलगी दिली होती, तिने बोलावून घेतलं. मी शाल आणि नारळ घेऊन निरोपाला गेलो. अर्थातच भाषणही तयार करून गेलो होतो.

वस्तादांनी माझा हात धरून मला मागच्या खोलीत नेलं. कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं. खाली डबे होते. घट्ट तेलाचे, एकावर एक रचलेले, अकरा. प्रत्येकावर माझी रंगातली सही. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

"पयला तेवढा तुमच्यासमोर फोडला हुता," ते म्हणाले. "बाकीचे हे. मोजून घ्या. एकबी इकला न्हाय."

मी एका डब्याच्या सीलवरून बोट फिरवलं. "आणि गाडीत?"

"पातळच. माझं मी घालत हुतो. अशी बाई हाताखाली आली, तिचं एवढं तरी करायला नको?" मग मान खाली घालून म्हणाले, "पाच वरसं तुमाला फसवलं, अण्णा. माफी असावी."

माफी त्यांनी मागितली! मी कसंबसं विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की, पयल्याच दिवशी. तुमाला बोलायची हौस, बाईला चालायची. दोघांचीबी भागली."

मी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. भाषण राहिलं. त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो तर त्यांनी मला मध्येच धरलं आणि माझ्या गाडीचे डाग असलेल्या पत्रिकांचा गठ्ठा हातात दिला. वरच्या पत्रिकेवर शेजारच्या शिंप्याकडून पुढच्या मिस्त्रीसाठी लिहून घेतलं होतं: "तीस नंबर. अण्णांचं ऐकू नये."

ते डबे मी घरी आणले. बायकोने विचारलं तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा सगळी हकीकत दोन वाक्यांत सांगितली. आमच्या घरातल्या साऱ्या बिजागऱ्या, विहिरीवरचा रहाट, दुकानाचं लोखंडी शटर यांना ते तेल वर्षानुवर्षं पुरलं. गाडीत मात्र पातळ.

दोन वर्षांनी गुलबर्ग्याहून पोस्टकार्ड आलं. वस्तादांच्या जावयाने लिहिलं होतं, चारच ओळी. बायको म्हणाली, "मयताचं पत्र वाचून फाडायचं असतं, घरात ठेवू नका." बरोबर होतं तिचं, आमच्याकडे तशीच रीत आहे.

मी कार्ड घेऊन बाहेर आलो. गाडी सुरू केली, थोडा वेळ चालू दिली, बंद केली. पट्टी काढली आणि त्या चार ओळींखालच्या कोऱ्या जागेत एक थेंब टाकला. डाग हळूहळू पसरत गेला, कडेला फिकट सोनेरी, जावयाच्या सहीला जाऊन टेकला. बायको दारात उभी होती. हे काय चाललंय म्हणून तिने विचारलं. तेलाबद्दल तिला दोन शब्द सांगावेत असं फार वाटलं. पण वस्तादांची एक विडी संपेल इतका वेळ मी नुसता त्या डागाकडे बघत उभा राहिलो, आणि एक अक्षर बोललो नाही.