जंगलात सॅल्यूट नको

चुरगळलेल्या घाणेरीचा उग्र वास आला की माझा राग आजही जागा होतो. जबलपूरच्या महाराजपूर भागापलीकडे दगडाची एक बंद खाण आहे. तिच्या काठावर घाणेरी माजलेली असते. त्याच झुडपांत, दवाने भिजलेल्या मातीवर पालथी पडून, मी छाप्यासाठी उजाडण्याची वाट पाहत होते.

खबऱ्याने सांगितले होते की काही तरुण काठ्या बंदुकीसारख्या धरून खाणीत सरपटतात आणि एक म्हातारा त्यांना शिकवतो. वरिष्ठांनी तेवढ्यावरच ठरवून टाकले की नक्षलवाद्यांनी शहरात भरती सुरू केली. मी तिथल्या पोलीस ठाण्याची प्रभारी होते, म्हणून छापा माझ्याकडे आला.

आम्ही घेरा टाकला, पण कोणीही पळाले नाही. तरुणांनी काठ्या खाली ठेवल्या आणि पहिल्याच चेहऱ्यापाशी मी थबकले. तो माझ्याच ठाण्याचा शिपाई होता, आजारपणाच्या रजेवर गेलेला. बाकीचेही आमच्याच जिल्ह्याचे. सर्वांची बदली बालाघाटकडच्या नक्षलग्रस्त जंगलात झाली होती. मला ओळखूनही एकाचाही हात कपाळाकडे गेला नाही.

"ताप उतरला वाटतं," मी म्हणाले.

"उतरवून राहिलो, मॅडम," तो मान खाली घालून पुटपुटला.

म्हातारा सैन्यातून निवृत्त झालेला सुभेदार होता, मूळ विदर्भातल्या घरातला. ठाण्यात मी त्याला शस्त्रे कुठे आहेत, मागे कोण आहे, हे पुन्हा पुन्हा विचारले. तो टेबलाकडे पाहत राहिला. पण चहाच्या कपाभोवती त्याची बोटे शांत होती. लपवणाऱ्याची बोटे अशी नसतात. मी ते प्रश्न सोडले आणि खाणीपासून मनात सलत होते ते विचारले: या मुलांना सॅल्यूट न करायला तुम्ही शिकवलेत?

त्याने प्रथमच वर पाहिले. "पहिला धडाच तो आहे, मॅडम. काहून, ते ऐकता?"

त्याचा एकुलता एक मुलगा नवा उपनिरीक्षक म्हणून जंगलात गेला होता. गस्तीची तुकडी नाल्याकाठी थांबली. सर्वांचे कपडे सारखे, खांद्यावर चिन्हे नाहीत. झाडीतून पाहणाऱ्याला साहेब कोण हे कळणे शक्य नव्हते. तेवढ्यात हवालदार काही सांगायला आला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला. ज्याला सॅल्यूट मिळाला, पहिली गोळी त्यालाच लागली.

दिवसकार्य आटोपल्यावर तो हवालदार सुभेदाराच्या जबलपूरच्या सदर भागातल्या घरी माफी मागायला आला. सुभेदाराने माफी दिली नाही. त्याला खाणीत नेऊन शिकवायला सुरुवात केली. जंगलाकडे निघालेली पुढची पोरे त्या हवालदारानेच जमवली. या पथकाला ना नाव होते, ना फलक.

दुपारी तो हवालदार स्वतःहून ठाण्यात आला आणि शब्द न् शब्द खरा असल्याचा जबाब त्याने दिला. मी वरिष्ठांना फोन केला. उत्तर आले: बेकायदा शिबिराचा गुन्हा नोंदवा, शिपायांना निलंबित करा, शिस्त म्हणून काही आहे की नाही.

शिस्त. या मुलांकडून मैदानावर महिनोन्‌महिने सॅल्यूट घोटून घेतला होता. बोटे कशी जुळवायची, कोपर किती उचलायचे. मग त्याच मैदानावरून उचलून त्यांना जंगलात टाकले. कोणी स्वतःची रजा खर्ची घालून जिवंत राहायला शिकले, तर ते गुन्हेगार. मी कागद पुढे ओढला. शस्त्र सापडलेले नाही, गुन्हा घडलेला नाही, असे मी लिहून दिले. त्यापायी पुढे माझी बदली झाली. या प्रकरणाने मला एक शिकवले: हुकूम देणाऱ्याने आधी पाहावे की तो कोणाच्या देहावर पाळला जाणार आहे. हे न पाहणारी माणसे मी नंतरही पुष्कळ पाहिली, आणि एकालाही माफ केलेले नाही.

संध्याकाळी मी सुभेदाराला फाटकापर्यंत सोडायला गेले. दिवसभर आम्ही त्याला संशयित म्हणून बसवून ठेवले होते. जंगलाकडे पुढची तुकडी लवकरच निघणार होती आणि तिला शिकवणारे दुसरे कोणी नव्हते. एवढे झाल्यावरही तुम्ही त्यांना शिकवाल का, मी विचारले.

तो गळ्याभोवती मफलर गुंडाळत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पाठवा."