काच काढायची नाही!

वेल्डिंगच्या शेडमध्ये कोपऱ्यात भंगार आपोआप साचते. कोणी मुद्दाम ठेवत नाही, कोणी उचलत नाही. किस्सेही तसेच. कळमन्याच्या रस्त्यावर आमची शेड होती तेव्हा आम्ही तिघं होतो. मी उस्ताद, देवाजी माझ्या हाताखाली वेल्डर, अन् हबीबभाई ग्राइंडरवर. एकाने किस्सा सांगावा, दोघांनी त्याला खोटं पाडावं! आता ते दोघंही गेले. घरी बायकोही नाही. खोटं पाडायला कोणी उरलं नाही, म्हणून मी आपला जे झालं बराबर तेच सांगतो. मजा येत नाही, पण सांगतो.

*

देवाजी नवा होता. मास्कच्या काळ्या काचेशिवाय वेल्डिंगचा टाका मारला अन् डोळे टमाट्यासारखे सुजले. दोन दिवस डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून पडला होता. मी दम दिला, "काम बंद होईस्तोर काच काढाची नाही. कोणी कितीही बोंबलू दे!"

आठवड्याने त्याचे सासरे शेडवर आले. देवाजीने तोंडावरच्या मास्कसकट वाकून नमस्कार केला.

"जावईबापू, थोबाड तं दाखवा!"

"उस्तादाची मनाई हाय, मामाजी!"

*

ग्रहण लागलं की अख्खी गल्ली आमच्या दारात. काळी काच पाहिजे! एरवी ठिणग्या उडतात म्हणून भांडणारे हेच लोक. एकदा एक रिटायर मास्तर ऐटीत स्वतःचा एक्स-रे घेऊन आले. म्हणे, ह्यातून पाहतो. हबीबभाईने तो उजेडात धरला.

"मास्तरजी, सूरज तो ठीक है. पहले पसली का इलाज कराओ!"

माझ्या घरून मात्र कोणी काच मागितली नाही. बायको, सुमन, ग्रहणात दार-खिडक्या लावून बसायची. पहिल्या खेपेला पोटात लेकरू असताना तिने ग्रहणात वांगं चिरलं. लेकरू जन्मलं अन् दोन दिवसांत गेलं. माझी माय मरेपर्यंत तिला म्हणत राहिली, "तूच मारलं." तेव्हापासून आमच्या घरात वांगं शिजलं नाही. दुसरं लेकरूही झालं नाही. मी मायला कधी चूप केलं नाही. हे काही हसायचं नाही, पण ओघात आलं.

*

तीस वर्षं झाली. हबीबभाईने पेपरात वाचलं, आग्र्याकडे सूर्य पुरा झाकणार. आम्ही तिघं ऐन दिवाळीत निघालो. सुमन डबा बांधता बांधता म्हणाली, "नीट पाहून या. काय हाय त्याच्यात, मले सांगा. माह्यं लेकरू कोणं नेलं, ते तं समजू द्या."

फतेहपूर सिक्रीजवळच्या एका शेतात सकाळी उभे राहिलो. काचेतून सूर्य हिरवा दिसे. संत्र्याच्या फोडीएवढा झाला, मग धाग्याएवढा, मग गेलाच. गार वारा सुटला. पाखरं चूप. लोक ओरडायला लागले.

"उस्ताद, काच निकालो! निकालो!" हबीबभाई.

"काढा ना, उस्ताद!" देवाजी.

मला वाटलं, मजाक करून राहिले. शेडमध्ये शंभरदा करत. मी काच आणखी घट्ट दाबली. समोर नुसतं काळं. काही वेळाने हिरवा धागा परत आला. नंतर कळलं, पुरा झाकला की तेवढं पाऊण मिनिट उघड्या डोळ्यानेच पाहायचं असते!

देवाजी ढेकळांत लोळून हसत होता. "उस्ताद पंगतीत बसले, अन् पानावर पान झाकून उठले!"

हबीबभाई मात्र रडत होता. काय दिसलं विचारलं, तर नुसतं वर बोट दाखवी. एवढी मोठी गर्दी, सगळ्यांनी पाहिलं. मी एकटाच तेवढा राहिलो.

पुढे देवाजीने हा किस्सा शेडवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहासोबत पाजला. काळा सूर्य, भोवती पांढरी झालर, दिवसा चांदणी... अन् शेवटी, "आमचे उस्ताद!" सुमन शेडवर कधी यायची नाही, तेवढं बरं.

*

आता सुमनचा किस्सा.

आग्र्याहून परत आलो, तर ती दारातच उभी.

"काय होतं?"

जे दिसलं तेच मी सांगितलं. "काही नाही वं. नुसता अंधार."

"कोणी नव्हतं?"

"कोणीच नाही."

तिने माझ्या हातातला रिकामा डबा घेतला. मग म्हणाली, "हातपाय धुवा."

काही वर्षांनी एक ग्रहण भरदुपारी लागलं. आपल्याकडे अर्धंच होतं. सुमनने विळी आंगणात आणली, उन्हात बसली अन् किलोभर वांगी चिरली! शेजारणी ओरडल्या, "अवं बाई, घरात जाय!" तिने मान वर केली नाही. "माह्या माणसानं पाह्यलं हाय," एवढंच बोलली.

संध्याकाळी देवाजी जेवायला होता. ताटात वांग्याची भाजी पाहून थबकला. आमच्या घरची गोष्ट त्याला ठाऊक होती. सुमन वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, तुमीबी होते नं तिथं. काय दिसलं?"

माझा घास हातातच राहिला. इतकी वर्षं ह्याच किस्स्यावर शेड हसवणारा माणूस तो!

देवाजीने भाकरी मोडली.

"काही नाही, वहिनी. नुसता अंधार. भाजी वाढा अजून."