आमच्या स्टाफरूममधली बेपत्ता जहाजं

शाळेत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या धुळीसारखे ते आपोआप अंगावर बसतात. सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत मात्र त्यातले निम्मे किस्से जहाजांचे होते. हसू नका! गल्लीतल्या नळाला पाणी आलं तरी आरडाओरडा व्हायचा असं आमचं गाव, आणि आम्ही बायका मधल्या सुट्टीत अटलांटिक महासागरात काय काय गडप झालं याची चर्चा करायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका साप्ताहिकात लेख आला होता. समुद्रात म्हणे एक त्रिकोण आहे, तिथे गेलेली जहाजं आणि विमानं परत येत नाहीत. तो लेख आम्हाला वर्षभर पुरला.

*

देशमुख बाई भूगोल शिकवायच्या. त्यांनी तो त्रिकोण थेट फळ्यावर काढला.

"पाच विमानं एकदम सरावाला गेली आणि पाचही नाहीशी झाली! त्यांना शोधायला आणखी एक धाडलं, तर तेही गेलं!"

मागच्या बाकावरची माढ्याकडची एक मुलगी उठली. "बाई, येक इचारू?"

"विचार."

"पाच गेलेली म्हाईत हुती, तर सहावं कशाला धाडलं?"

देशमुख बाईंनी फळा पुसायला घेतला. "खाली बस. हे परीक्षेला नाही!"

*

मी विज्ञान शिकवायची, त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. वादळं असतात, प्रवाह असतात, होकायंत्र चुकतं, असं मी सगळ्यांना ठासून सांगायची. एकदा प्रयोगशाळेतलं होकायंत्रच स्टाफरूममध्ये आणलं. टेबलावर ठेवलं, तर काटा उत्तरेकडे जाईना. कसंही फिरवा, तो आपला मुख्याध्यापिका बाईंच्या केबिनकडे! भिंतीपलीकडे त्यांचं लोखंडी कपाट होतं.

"बरोबर आहे की!" देशमुख बाई म्हणाल्या. "आपली सगळ्यांची जहाजं तिथंच बुडतात!"

मुख्याध्यापिका बाई दारातच उभ्या होत्या. पुढचा आठवडाभर ऑफ तासांना देशमुख बाईंना फुरसत मिळाली नाही.

*

आमच्या शिपाई हुसेनबी. चहा देता देता सगळं ऐकायच्या.

"कायका त्रिकोन बाई! जिन्नात का काम हाय ये. हमारा मरद टरक चलाताय ना, वो बी हर जुम्मेरात कू गायब हुताय."

"अगंबाई! मग शोधता कुठं?"

"ढुंडना कायकू? भूक लगी की आपीच आताय!"

*

या सगळ्या गप्पा म्याकल बाई खोलीत नसतानाच व्हायच्या. म्याकल बाई शिवणकाम शिकवायच्या. शहराच्या पूर्वभागातलं विणकरांचं घर. घरी तेलुगू, शाळेत मराठी. नवरा मालवाहू जहाजावर वायरलेस ऑपरेटर होता. दोन-तीन वर्षांपूर्वी ते जहाज एका बंदरातून निघालं आणि दुसऱ्या बंदराला लागलंच नाही. कंपनीने कळवलं, 'बेपत्ता'. बुडालं, असं कुणीच म्हटलं नाही. त्यामुळे बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं आणि सगळी पेठ त्या कुंकवाकडे बघत होती.

एकदा देशमुख बाई रंगात आल्या होत्या. "जहाज सापडलं, शिडं वर, टेबलावर चहाचे कप तसेच आणि माणूस म्हणून एकही नाही!"

"पुढं?" दारातून आवाज आला. म्याकल बाई!

त्या शांतपणे येऊन बसल्या.

"सांगा की. चहा गरम होता का गार?"

लेखात तेवढं दिलं नव्हतं.

"घरी यांचा कप मी अजून भरते," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारलं."

*

त्या दिवसापासून त्यांनीच सूत्रं हातात घेतली. "तुमचा तो त्रिकोण काहीच नाही, आमच्या घरी या एकदा!" नणंदेचं म्हणणं, दादानं ब्राझीलमध्ये दुसरी बायको केली. दिराच्या मते उडत्या तबकडीतून अख्खं जहाजच वर ओढून नेलं. अक्कलकोटकडच्या एका ज्योतिषाने डोळे मिटून सांगितलं, "माणूस पाण्याजवळ आहे."

"आता जहाजावरचा माणूस पाण्याजवळ आहे, हे सांगायला ज्योतिषी लागतो का हो!"

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी विचारलं, "आणि सासूबाई काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, निघताना मी मागून हाक मारली."

"छे! असं काही नसतं हो!" मी म्हणाले.

"मारली होती की. हे डबा विसरले होते."

मग कुणी हसलं नाही. मी बिनलग्नाची, भाड्याच्या एका खोलीत राहणारी. शाळा सुटल्यावर कुलूप काढायचं आणि स्टोव्ह पेटवायचा. मला मागून हाक मारणारं कुणी नाही, याचं त्या संध्याकाळी पहिल्यांदा फार वाईट वाटलं. वादळं, प्रवाह, होकायंत्र यातलं काहीच कामाला आलं नाही.

*

आणि मग ते संक्रांतीचं हळदीकुंकू.

दरवर्षी आम्ही ते शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्येच करायचो. मुली गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायला पळालेल्या, आणि आम्ही तिळगूळ खात बसलेल्या. त्या वर्षी म्याकल बाईंच्या सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं. संक्रांतीपर्यंत वाट बघ, मग विधी उरकून टाकू, आणि कुंकू पूस. ही बातमी आम्हा सगळ्यांपर्यंत पोचली होती.

देशमुख बाई करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत निघाल्या. म्याकल बाईंसमोर आल्या, बोट कुंकवात बुडवलं, हात वर नेला आणि तो तिथेच थांबला. लावावं तर त्या बाईला खोटी आशा लावल्यासारखं. न लावावं तर जित्या माणसाला आपल्याच हातानं मारल्यासारखं! जगातल्या सगळ्या बुडालेल्या जहाजांचे किस्से तोंडपाठ असलेली बाई, पण तिला त्या बोटाचं काय करावं कळेना.

"थांबा," म्याकल बाई उठल्या. "आधी माझं वाण घ्या."

पिशवीतून त्यांनी रुमाल काढले. पांढरेशुभ्र, कडेला निळ्या दोऱ्याची बारीक टीप. सगळ्यांना दिले, मुख्याध्यापिका बाईंना दिला, हुसेनबींनाही दिला. माझ्या रुमालाच्या एका कडेला काज होतं. देशमुख बाईंचे दोन्ही हात गुंतलेले, त्यांच्या खांद्यावर टाकलेल्या रुमालावर उसवलेल्या खिशाची खूण होती. नवऱ्याचे जहाजावर घालायचे पांढरे शर्ट! ट्रंकेत ठेवलेले सगळे कापले होते.

नवरा गेल्यावर त्याचे कपडे वाटून टाकतात. आणि वाण वाटते ती सवाष्ण. हे तिथे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

देशमुख बाईंनी खांद्यावरच्या त्या खुणेकडे बघत विचारलं. "अहो, पण उद्या ते आलेच तर? घालतील काय?"

"नवीन शिवते की! मापं पाठ आहेत मला."

असं म्हणून त्यांनी पदर सारखा केला आणि कपाळ पुढे केलं.

"देशमुख बाई, हात भरून आला असेल तुमचा. लावा की आता!"