चेमासोबत बारामती ते कळंब : उसातली एक संध्याकाळ

गाडीत सामान भरून झालं होतं आणि मी कुलूप लावत होते, तेवढ्यात स्पेनहून नुरियाचा फोन आला. तिचा नवरा चेमा खाली गेटपाशी वॉचमनशी हातवारे करून गप्पा मारत होता. तिच्याकडे मध्यरात्र उलटली होती. नुरिया हळू आवाजात म्हणाली, "त्याला एकटं सोडू नकोस. रस्ता ओलांडतानासुद्धा. आणि त्याच्या डोक्याला चेंडू लागू देऊ नकोस." मी कारण विचारलं. ती म्हणाली, "तो विसरतो. डॉक्टर म्हणतात, इतकी वर्षं डोक्याने चेंडू मारला त्याचा परिणाम असू शकतो. तू कुणाला सांगू नकोस, त्याला आवडणार नाही."

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. काही वर्षांपूर्वी इथल्या एका फुटबॉल क्लबसाठी दुभाषी म्हणून काम केलं, तेव्हा चेमा आमचा स्ट्रायकर होता. आता निवृत्त झालाय. या जानेवारीत तो भारतात आला तो एकाच माणसाला भेटायला. तो माणूस म्हणजे क्लबचा तेव्हाचा गोलकीपर दत्ता. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरजवळच्या कळंबमध्ये दत्ता आता डाळिंब आणि ऊस करतो आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो. मी मोठ्या हौसेनं दोन मुक्कामांची सहल आखली होती. नुरियाच्या फोननंतर हौस कमी झाली.

पहिला दिवस : पुणे ते बारामती

हडपसर सकाळी लवकर ओलांडलंत तर सोलापूर रस्ता चांगला आहे. यवतच्या पुढे नाश्ता केला. चेमानं मिसळ मागवली आणि दह्याच्या दोन वाट्या घालून संपवली. पाटसला उजवीकडे वळलं की बारामतीचा रस्ता लागतो. तो आता रुंद झालाय, पण दुभाजकाच्या फटीतून मोटरसायकली अचानक समोर येतात, तेवढं सांभाळा.

गाडीत तो आपल्या आयुष्याबद्दल बोलत होता आणि ते इतकं नीट, इतकं क्रमानं, की मला वाटलं नुरिया उगाच घाबरतेय. उत्तर स्पेनमधलं कोळशाच्या खाणींचं गाव. वडील खाणीत. त्यांनी घरामागच्या शेडमध्ये दोरीनं एक जुना चेंडू टांगला होता. चेमा बुटका होता, म्हणून वडील दर महिन्याला दोरी थोडी वर बांधायचे. "मला पायानं फारसं काही यायचं नाही," तो म्हणाला. "मला उडी मारता यायची." त्या उडीवर तो तिसऱ्या डिव्हिजनच्या चिखलातून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला आणि मग सर्वांत वरच्या लीगमध्ये. तिथला पहिला गोल कॉर्नरवरून, अर्थात डोक्यानं. त्यानंतर काही सेकंद त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. सगळं स्टेडियम तोंड उघडून ओरडतंय आणि आवाज नाही. तेव्हा त्याला ते आनंदामुळे वाटलं होतं. मग गुडघा गेला, क्लबनं दुसरीकडे पाठवलं, मग पोलंड, सायप्रस आणि शेवटी पुणे.

"दत्ताला मुलं आहेत का?" त्यानं विचारलं.

"एक मुलगी, होस्टेलवर असते," मी म्हणाले. उंडवडीच्या अलीकडे त्यानं पुन्हा तेच विचारलं. बारामती दिसायला लागली तेव्हा परत. दर वेळी उत्तर ऐकून त्याला तितकाच आनंद होत होता.

बारामतीत भिगवण रस्त्याच्या बाजूला स्वच्छ आणि फारशी महाग नसलेली लॉज मिळतात. खाली पार्किंग आहे ना, ते आधी विचारा. संध्याकाळी जेवायला बाहेर पडायचं म्हणून मी पर्स आणायला वर गेले. तेवढ्या वेळात चेमा पार्किंगमध्ये दुसऱ्याच पांढऱ्या गाडीचं दार ओढत उभा होता. आत एक बाई बाळाला घेऊन बसलेली. तिचा नवरा धावत आला. "ओ पाव्हणं, काय चाललंय? गाडी आमची हाय." चेमानं हात वर केले आणि हसला. तो हसण्यात पटाईत आहे. पण नंतर टेबलाशी त्यानं आमच्या गाडीचा नंबर कागदी रुमालावर लिहून खिशात ठेवला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसरा दिवस : वालचंदनगर, कळंब

भवानीनगर मागे टाकून जंक्शन नावाच्या गावात उजवीकडे वळायचं. हंगाम चालू होता. उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर, त्यामुळे ओव्हरटेकची घाई नको. वालचंदनगरला कॉलनीतल्या मोठ्या झाडांखाली एकदम गारवा वाटतो. तिथून कळंब जवळच, नीरा नदीच्या अंगाला.

दत्ता रस्त्यावर येऊन थांबला होता. पोट सुटलंय, बाकी तोच. दोघं मिठी मारून इतका वेळ उभे राहिले की मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. दोघांची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि मैदानावरचं स्पॅनिश, पण त्यांचं कधी अडलं नाही.

घर मळ्यात. पुढे डाळिंबाची बाग, मागे तोड न आलेला ऊस, माणूस-दीड माणूस उंच. मळ्याच्या वाटेवर वनखात्याचा फलक होता, बिबट्यापासून सावध राहा म्हणून. मी दत्ताच्या वडलांना, तात्यांना, त्याबद्दल विचारलं. तरुणपणी मेंढरं घेऊन ते कोकणापर्यंत जायचे. "हाय की," ते म्हणाले. "आमच्या येळंला लांडगं हुतं, ते माळावर दिसायचं तरी. हे उसात बसतंय. परवाच खालच्या वस्तीवरनं वासरू न्हेलं."

"दिवस कलला की उसाच्या कडंनं जायचं न्हाय, ताई," दत्ताची बायको सुनीता म्हणाली. "आमी बी जोडीनंच जातो."

मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, वर कच्चा कांदा. चेमा घाम पुसत जेवला. जेवणानंतर दत्तानं आतून चेंडू आणला आणि मी उठून त्यांच्या मागे गेले. घरासमोरच्या मोकळ्या रानात दत्ता बाजूला जाऊन उभा राहिला, चेमा समोर. पहिला चेंडू उंच आला. चेमाची नजर वर गेली, पाय मागे सरकला, शरीर आपोआप तयार झालं. मी ओरडले, "नो!"

त्यानं चेंडू छातीवर घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. नुरियानं मला सांगितलंय हे त्याला त्या क्षणी कळलं.

दत्ता जवळ आला. "काय झालं, मॅडम?"

"ऊन लागतंय त्याला," मी म्हणाले.

चेमानं चेंडू हळूच पायानं दत्ताकडे ढकलला आणि ओट्यावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला. 

साडेपाचच्या सुमारास दत्ता गाई बांधायला गेला, सुनीता चुलीपाशी होती, मी ओट्यावर बसून फोटो बघत होते. मान वर केली तर चेमा जागेवर नव्हता. संडासात नव्हता, गाडीत नव्हता, बागेत नव्हता. घरामागे गेले. उसाच्या कडेला ओल्या मातीत त्याच्या बुटांचे ठसे होते आणि ते सरळ आत गेले होते.

मी दत्ताला हाक मारली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"फिरायला गेला असंल," दत्ता म्हणाला. "यील की."

"नाही येणार," मी म्हणाले. "त्याला परत यायचं कळणार नाही, दत्ता." आणि सगळं सांगितलं. दत्तानं शेजारच्या वस्तीकडे तोंड करून हाका मारल्या. 

तिथून माणसं आली. काठ्या, बॅटऱ्या, कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायला घेतला. सूर्य उसाच्या शेंड्याला टेकला होता. ज्यांनी उभ्या उसात कधी पाऊल टाकलं नसेल त्यांना सांगते, आत दोन हातांवरचं दिसत नाही. पानं तोंडावर कापतात. आवाज कुठून येतोय ते समजत नाही, आपलाच श्वास कुणाचातरी वाटतो. मी चार सऱ्या आत गेले आणि सुनीतानं मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "तुमी न्हाय जायचं. मग तुमाला हुडकावं लागंल."

पाण्याच्या चारीजवळ तात्या खाली वाकले होते. मी बॅटरीचा उजेड टाकला. मातीत पंजा उमटलेला होता, माझ्या तळहाताएवढा. तात्यांनी पायानं माती सारून तो पुसला. "जुनं हाय," ते म्हणाले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

सगळे चहूबाजूंनी हाका मारत होते. चेमा, चेमा, ओ पाव्हणं. मध्येच उसात काहीतरी धाडधाड पळालं आणि सगळे एकदम गप्प झाले. एक रानडुक्कर बाहेर पडून बांधावरून गेलं. मी तिथंच बांधावर बसले. स्पेनमध्ये नुरिया तेव्हा दुपारच्या जेवणाची तयारी करत असेल, आणि तिला काय सांगायचं याचं एकही वाक्य मला सुचत नव्हतं, ना मराठीत ना स्पॅनिशमध्ये.

तेव्हा दत्ता म्हणाला, "समदी गप बसा. डबा बंद कर रं. सगळीकडनं वरडलं तर त्यो कुठं जाईल?" त्यानं ट्रॅक्टर घराच्या मागच्या बाजूला लावला, दिवे उसाकडे केले आणि स्वतः बॉनेटवर चढला. मग दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "फुएरा!"

फुएरा म्हणजे बाहेर. चेंडू दूर मारला गेला की गोलकीपर आपल्या खेळाडूंना ओरडून सांगतो, गोलपासून बाहेर पळा. हा शब्द दत्ताला चेमानंच शिकवला होता आणि सामन्यात तो इतक्या जोरात ओरडायचा की पंच वैतागायचे. आता तो तसाच ओरडत होता. एकदा ओरडायचा, थांबायचा, ऐकायचा, परत ओरडायचा. अंधार पडत आला. त्याचा आवाज बसला, तरी तो थांबेना.

बऱ्याच वेळानं शेंडे हलले. तात्यांनी काठी वर केली. पानं बाजूला झाली आणि दिव्यांच्या उजेडात चेमा बाहेर आला. गालावर, हातांवर पानांचे बारीक ओरखडे, एक बूट नाही. त्यानं दत्ताकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

सुनीतानं त्याला पाणी दिलं, ओरखड्यांवर हळद लावली. तो हळू आवाजात बोलायला लागला आणि मी भाषांतर करत गेले. "दुपारी तू ओरडलीस तेव्हा मला लाज वाटली. थोडं चालून यावं म्हटलं. आत गेल्यावर घर कुठल्या बाजूला ते कळेना. मग कुणाचं घर तेही आठवेना. मला आसपास काहीतरी ऐकू येत होतं. मी हललो नाही. नंतर फुएरा ऐकलं. ते का ओरडतात माहीत नव्हतं, पण काय करायचं ते माहीत होतं."

दत्तानं मला विचारलं, "मॅडम, प्रॅक्टिस संपल्यावर मी त्याला डोक्यानं मारायला अजून पन्नास-पन्नास क्रॉस टाकायचो. त्यो म्हणायचा अजून टाक, मी टाकायचो. त्यानं झालं का हे?"

मी ते भाषांतर करायला नको होतं, पण चेमा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, तेव्हा केलं. त्यानं दत्ताच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वडलांच्या शेडपासून मोजायला लागेल," तो म्हणाला. "तू फार शेवटी आलास."

"ही पोरं येत्यात माझ्याकडं," दत्ता म्हणाला. "त्यास्नी बी मी हेच शिकवतोय."

मी तेही सांगितलं. चेमा एवढंच म्हणाला, "नको शिकवूस."

तिसरा दिवस : इंदापूर आणि परत

कळंबहून निमगाव केतकीमार्गे इंदापूरला आलो. चेमाच्या पायात दत्ताच्या चपला होत्या. इंदापूरच्या स्टँडसमोर गरम भजी आणि चहा मिळतो. गर्दी होती, सोलापूरच्या गाड्या सुटत होत्या. चेमानं रस्ता ओलांडताना न सांगता माझा हात धरला आणि चहा येईपर्यंत सोडला नाही. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो आले आहेत. हिवाळ्यात बोटी मिळतात, सकाळी लवकर जा. आम्ही थांबलो नाही. त्याला पाण्याजवळ नेण्याचा धीर मला झाला नाही.

दोन दिवसांनी मी त्याला विमानात बसवलं. नुरियाला आधीच सगळं सांगितलं होतं. ती चिडली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. दत्तानं कळवलं की पोरांचं हेडिंग त्यानं बंद केलंय. काही आईबाप नाराज आहेत. त्यांना जिंकायचंय.

ही सहल करण्यासारखी आहे का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते. रस्ते चांगले, माणसं त्याहून चांगली, जेवण तर काय सांगावं. मला मात्र अजून झोपेत पानांची सळसळ ऐकू येते आणि मी उठून दिवा लावते.

गेल्या रविवारी चेमाचा फोन आला. आवाज छान होता. त्याला मटण आठवत होतं, सुनीता आठवत होती, दत्ताची मिठी, मागून वाजलेला हॉर्न, सगळं. मग म्हणाला, "एक गोष्ट राहून गेली. घराच्या मागे ते उंच हिरवं शेत होतं ना, बाहेरून फार सुंदर दिसायचं. पुढच्या वेळी आपण त्यात फिरायला जाऊ."

मी म्हणाले, "जाऊ."