कांदा खायचा नाही, बघायचा!

लॅबमध्ये किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. तिथं सारखं काहीतरी गरम करत नाहीतर भिजत ठेवायचं असतं आणि ते होईपर्यंत नुसतं बसायचं असतं. माणसं नुसती बसली की बोलणारच! सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात बॉटनीची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. आमच्या लॅबमध्ये जे भिजत असायचं, ते म्हणजे कांदे. शाईच्या जुन्या बाटल्यांत पाणी भरायचं, प्रत्येकीच्या तोंडावर एक कांदा बसवायचा. तीन दिवसांत खाली पांढरी मुळं लोंबायला लागायची. मुळाचं टोक कापायचं, लाल रंगात बुडवायचं, काचेवर ठेवून अंगठ्यानं दाबायचं आणि मायक्रोस्कोपखाली धरायचं. मग काय दिसायचं म्हणून सांगू! एका पेशीच्या दोन होताना, गुणसूत्रं दोन्हीकडं ओढली जाताना! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी स्टुलावरून उठून ओरडलेच होते.

आमचे हेड मगदूम सर. कट्टर जैन घरातले. घरात कांदा येत नाही आणि या माणसाची अख्खी नोकरी कांद्यावर!

बाजारात सर स्वतः कांदे निवडायचे, कारण मुळं चांगली फुटणारा कांदा दुसऱ्या कुणाला ओळखता येत नाही असं त्यांचं ठाम मत. भाजीवाली ओळखीची. ती एकदा घाबरून म्हणाली, "आवं सर, घरात कळलं म्हंजी?"

सर म्हणाले, "खायचा नाही बाई, बघायचा आहे!"

पण घरी कळलंच. कुणा नातेवाइकानं पिशवी बघितली. सरांच्या आईनं बोलणं टाकलं. चार दिवस घरात अबोला. पाचव्या दिवशी सर आईला रिक्षात घालून थेट लॅबमध्ये घेऊन आले. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. आजींना स्टुलावर बसवलं, सरांनी स्वतः फोकस लावून दिला.

"आई, बघ. ही एक पेशी. आता तिच्या दोन होतायत. त्या दोघींच्या चार होणार. एवढ्याशा टोकात असल्या हजारो आहेत!"

आजींनी बराच वेळ डोळा हलवला नाही. सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की आईला आता सगळं पटलं! आजींनी मान वर केली.

"एवढा जीव हाय व्हय रं ह्यात? मग आमी इतकी वर्सं काय येगळं सांगत हुतो?"

बोलणं मात्र त्या दिवसापासून सुरू झालं.

आमचे लॅब अटेंडंट दादूमामा. मिलिटरीतून परत आलेले, अंगठा खलबत्त्यातल्या बत्त्यासारखा. मुळाचं टोक काचेवर दाबावं ते दादूमामांनीच. आम्ही दाबलं की वरची काच फुटायची. मामांनी दाबलं की पेशी चटईवर मांडल्यासारख्या पसरायच्या!

एका वर्षी परीक्षेला बाहेरचे एक्झामिनर आले. भारी कडक. आम्ही सकाळी कापून ठेवलेली मुळं त्यांनी बाजूला सारली. "आधीची तयारी चालणार नाही. मुळं माझ्यासमोर कापा!"

घड्याळात भर दुपारचा एक. दादूमामा हळूच म्हणाले, "सायेब, ह्या टायमाला कांदा झोपलेला असतोय."

एक्झामिनर खवळले. "कांदा झोपतो? तुम्ही मला शिकवणार?"

कापली मुळं. वीस पोरं, वीस स्लाइड्स. आणि विभाजन होणारी पेशी औषधालासुद्धा सापडेना! एक पोरगा रडायलाच लागला. अख्खी बॅच नापास होणार. मगदूम सर पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "उद्या सकाळी एक संधी द्या. तुमच्याच समोर कापू."

दुसऱ्या दिवशी साडेआठला मामांनी एक्झामिनरांच्या नाकासमोर मुळं कापली. दुपारपर्यंत स्लाइड्स तयार. एक्झामिनरांनी पहिल्या स्लाइडवर डोळा लावला. जिकडं बघावं तिकडं पेशी दोन होतायत! दुसरी बघितली, तिसरी बघितली. शेवटी म्हणाले, "मामा, हे तुम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालं?"

"पुस्तक कशाला सायेब? बारा वर्सं त्येच्या संगटच उठतोय न्हवं मी!"

वीसच्या वीस पास.

त्याच परीक्षेतली ही गोष्ट. फलटणकडची एक मुलगी होती, शकुंतला. हुशार, पण इंग्रजी ऐकलं की दातखीळ बसायची. घरी लग्नाची बोलणी चाललेली. नापास झाली तर शिक्षण बंद, असं वडिलांनी सांगून ठेवलेलं. तोंडी परीक्षेत ती नुसती उभी. सर म्हणाले, "मराठीत सांग गं. घरी सांगतेस तसं सांग."

आणि ती सुटली!

"सर, आमच्यात बाबांची आन् काकांची वाटणी झाली. विहीर एक, बैलजोडी एक. अजून भांडणं चाललीत. पेशी शहाणी हाय. ती आधी सगळ्याचं डबल करून घेती, मगच वाटणी करती!"

एक्झामिनरांनी पेन खाली ठेवलं आणि पोट धरून हसले. शकुंतला पुढं एम.एस्सी. झाली.

आमच्याकडं चांगला मायक्रोस्कोप एकच. ऐन टर्ममध्ये त्याचा बारीक फोकसचा स्क्रू झिजला. कंपनीचं पत्र आलं, सहा महिने लागतील! मी आणि सर तो मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन कुपवाडला गेलो. तिथं एका शेडमध्ये अण्णा म्हणून लेथवाले होते, लोखंड कातून लागेल तो जॉब, म्हणजे सुटा भाग, काढून देणारे. त्यांनी स्क्रू डोळ्यासमोर धरला, "व्हतंय की" म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत नवा करून बसवला. मूळच्यापेक्षा गुळगुळीत!

मजुरी विचारली तर म्हणाले, "ह्यातनं काय बघताय तेवढं दावा."

सरांनी खिशातून स्लाइड काढली. ते खिशात स्लाइड ठेवूनच फिरायचे! अण्णांनी ऑइलचे हात पुसले, डोळा लावला.

"च्यायला! दोनी बाजूला सारखं ओढतंय! सर, एवढं बारीक काम हाय, ह्येचं ड्रॉइंग कुठाय?"

सर एकदम टाळी वाजवून उडालेच. "तीच तर गंमत आहे अण्णा! ड्रॉइंग त्याच्या आतच आहे! ही जी लाल सुतं ओढली जातायत ना, तेच ड्रॉइंग! आधी त्याची कॉपी होते, मग दोघींना एक एक मिळतं!"

अण्णा विचारात पडले. आपल्या लेथकडं बघितलं, पुन्हा मायक्रोस्कोपकडं बघितलं.

"म्हंजी जॉबच्या पोटात ड्रॉइंग, आन् जॉबच दुसरा जॉब काढतोय? सर, ही मशीन कुपवाडात आणू नका. आमी सगळी घरी बसू!"

आणि आता हा शेवटचा किस्सा.

दादूमामांच्या पलटणीतला एक हवालदार रजेवर आला होता. उंब्रजचा. मामांना शोधत तो लॅबमध्ये आला, बरोबर बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी. गोल चेहरा, बारके डोळे, आल्या आल्या माझा पदर धरून हसायला लागली. हवालदाराच्या हातात पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा कागद. सगळा इंग्रजीत, आणि त्याला जोडलेला एक फोटो. "डॉक्टर घाईत हुते. आमास्नी काय बी समजलं न्हाई," तो म्हणाला.

मगदूम सरांनी कागद वाचला. मग फोटो टेबलावर ठेवला. मुलीच्या रक्तातल्या एका पेशीतली गुणसूत्रं, जोड्या लावून, ओळीनं मांडलेली.

"माणसात असली शेहेचाळीस असतात. तेवीस जोड्या. हिच्यात ही इथली जोडी बघा. दोन पाहिजेत, तीन आहेत. सत्तेचाळीस झाली. पेशी वेगळ्या होताना एक जोडी सुटायची राहिली, एवढंच. म्हणून हिला बोलायला, शिकायला वेळ लागतो. पण शिकेल."

"आवशीद?" हवालदारानं विचारलं.

"यावर नाही," सर म्हणाले. खोटं बोलायला त्यांना कधी जमलं नाही.

हवालदार दबक्या आवाजात म्हणाला, "आई म्हनती, ही पोटात असताना ही बाई गिराणात भाईर फिरली."

"ग्रहणाचा काडीचा संबंध नाही. हिची चूक नाही, तुमची नाही, कुणाचीच नाही."

हवालदाराची बायको पुढं आली, फोटोवर वाकली आणि बोट ठेवून मोजायला लागली. एक, दोन, तीन. तिसाशी चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सत्तेचाळीसला बोट थांबलं.

"सर, तुमच्यात किती?"

"शेहेचाळीस."

"ह्यांच्यात? ह्यांच्या आईच्यात, आमच्या आत्याबाईंच्यात?"

"त्यांच्यातही शेहेचाळीसच."

"म्हंजी हिच्यात कमी काय बी न्हाई?"

"नाही."

"एक जास्तच हाय?"

"हो. एक जास्त आहे."

बाई ताठ उभी राहिली. फोटो उचलला, पदर खोचला, मुलीचं बोट धरलं आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा. सा वर्सं झाली, कमी हाय, कमी हाय म्हनत्यात न्हवं? चला, आत्याबाईस्नी मोजून दावू!"