‘आम्ही’ या शब्दात कोण कोण

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी संशोधनाला लागलो. तोवर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत होतो. आता गारखेड्याहून स्कूटरवर विद्यापीठात जाऊन, माझ्याहून लहान असलेल्या मार्गदर्शकांपुढे वही उघडीत असे. तेही संकोचून मला ‘सर’च म्हणत.

माझा विषय होता अणुभट्टीतून निघणारे न्यूट्रिनो. हे कण वाटेत रूप पालटतात. भट्टीजवळ एक यंत्र ठेवायचे, दूर दुसरे. दूरच्या यंत्रात अपेक्षेहून किती कण कमी भरतात, यावरून त्यांच्या वस्तुमानांतील फरक जोखायचा. अशा प्रयोगाची आखणी मी कागदावर करीत होतो. पण दोन यंत्रे कितीही सारखी बनवली तरी उन्नीस-बीसचा फरक राहणारच. मग आलेली घट कणांची की यंत्राची? दोन वर्षे मी तिथेच अडलो होतो. सबंध प्रबंधात माझे स्वतःचे म्हणावे असे एक तरी वाक्य असावे, एवढीच माझी इच्छा होती.

शेजारच्या टेबलावर पिशोरकडची एक विद्यार्थिनी बसे. वय माझ्या निम्मे, घरी मेंढरे. माझी अडचण ऐकून ती हसली.

“सर, आमच्याकडं सकाळी बाप मेंढरं मोजून सोडायचा, संध्याकाळी चुलता मोजून कोंडायचा. रोज दोन कमी! लई भांडणं. मग आईनं दोघांच्या जागा बदलल्या, तर संध्याकाळी दोन जास्त. मेंढरं कुठं गेलीच नव्हती, मोजणाऱ्यांतच फरक. तुमची यंत्रंबी अदलून-बदलून बघा की.”

एवढे बोलून ती डबा धुवायला निघून गेली. दोन वर्षांची माझी गाठ तिने जाता जाता सोडवली होती, आणि तिला त्याचे काही वाटलेही नव्हते. मला त्या बेफिकिरीचाच अधिक हेवा वाटला.

अहवाल मी इंग्रजीत लिहिला. मार्गदर्शक म्हणाले, “सर, अदलाबदलीची कल्पना सुरेख आहे.” मी मान खाली घातली. संकोची माणसाचे एक बरे असते: त्याचे गप्प बसणे लोकांना विनय वाटते.

पुढे विभागाच्या भित्तिपत्रकासाठी मराठी सारांश मागितला गेला. मी लिहिले, “यंत्रांची अदलाबदल करावी, असे आम्ही सुचवतो.” तिचे अक्षर चांगले म्हणून तो कागद उतरवायला नेमका तिच्याकडे गेला. कल्पनेसारखेच तिचे अक्षरही माझ्याहून चांगले होते.

“सर,” तिने पेन थांबवून विचारले, “हे ‘आम्ही’ म्हणजे कोण कोण? ‘आपण’ असतं तर मी मलाबी धरलं असतं.”

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. इंग्रजी अहवालात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना चालणाऱ्या ‘वुई’ या एकाच शब्दाआड मी महिनाभर सुखाने बसलो होतो. मराठीने मला तिथून उठवले.

मी कागद मागून घेतला. ‘आम्ही सुचवतो’ खोडले, तिचे नाव लिहिले, आणि त्यापुढे ‘यांनी सुचवले’. मग मार्गदर्शकांकडे जाऊन अहवालातही तसाच बदल करून आलो. परतलो तेव्हा ती तो कागद वाचत होती.

“आता बरोबर हाय, सर,” ती म्हणाली, आणि खालच्या ओळीतल्या आकड्यांची माझी बेरीज चुकल्याचे बोटाने दाखवले.

चुकलीच होती.